ड्रेनेज कॅमेरा तपासणी, चारकोप: लादी न फोडता सापडलेलं दुखणं

आधी तारे सांगते. बोरिवलीच्या ड्रेनेज-कॅमेरावाल्यांना पाचपैकी चार. एक कापला तो उशिरासाठी आणि माझ्या पायपुसण्यासाठी. ते पुढे येईलच.

मी चारकोपला रो-हाउसमध्ये राहते आणि घरून चकली, कडबोळी, भाजणीच्या ऑर्डरी घेते. हे आधीच कबूल करून टाकते, कारण आमची मोरी तुंबली की गल्लीत कुणाच्याही तोंडून पहिला शब्द 'चकली' निघतो. शेजारच्या वहिनी तर नाकाला पदर लावून म्हणाल्या होत्या, "ताई, राग मानू नका, पण एवढं तेल जातं कुठं?" राग मानू नका म्हटलं की माणसाला हटकून राग येतो.

चारकोपची ही वसाहत म्हाडाने ऐंशीच्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने आखली. प्लॉट मिळाला, वरचं घर ज्याचं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं. माझ्या सासऱ्यांनी १९८९ साली बांधलं. घराला घर लागून, त्यामुळे बाजूनं बोळ असा नाहीच. मोरी, संडास, सिंक यांचं पाणी मागच्या चेंबरात उतरतं आणि तिथून घराच्या पोटाखालून, म्हणजे स्वयंपाकघर, हॉल, पुढची पायरी असं करत अंगणातल्या चेंबरला मिळतं. तिथून पुढे सोसायटीची लाइन, मग महापालिकेची. आमच्या हद्दीतला पाइप ३६ फूट, चार इंची, चिनी मातीचा. त्याच्यावर स्वयंपाकघराची लादी आहे, लादीवर माझ्या दोन शेगड्या आहेत, आणि त्या शेगड्यांवर आमचा अर्धा संसार चालतो.

तुंबण्याचा हिशेब मी कालनिर्णयवर ठेवला होता, दुधाच्या खाड्यांशेजारी. दूध नाही आलं त्या दिवशी फुली, तुंबलं त्या दिवशी 'तुं'. डिसेंबरात एक 'तुं', फेब्रुवारीत एक, एप्रिलमध्ये दोन. गंमत म्हणजे दिवाळीच्या महिन्यात, जेव्हा माझी कढई सकाळी सहाला चढते ती रात्री दहालाच उतरते, तेव्हा एकही नाही. आणि सगळे 'तुं' कोरड्या महिन्यांतले. पावसाचा, भरतीचा संबंध नाही. हे कागदावर दिसलं नसतं तर मीही वहिनींचं ऐकून गप्प बसले असते.

तुंबायचंही एक वळण होतं. नुसतं सिंक तुंबलं तर दुखणं सिंकच्या पाइपात असतं, ते आपण बायका प्लंजर मारून काढतो. आमच्याकडे संडासाचा फ्लश ओढला की मोरीतल्या नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आवाज यायचा आणि पाणी उलटं वर चढायचं. म्हणजे सगळ्यांची मिळून जी एक वाट आहे तीच बंद. सोसायटीच्या सेक्रेटरींच्या सांगण्यावरून महापालिकेच्या १९१६ ह्या हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली. महापालिकेची माणसं आली, रस्त्याकडचं मॅनहोल उघडून दाखवलं, पाणी छान वाहत होतं. आमचं पुढचं चेंबर कोरडं, मागचं काठोकाठ. म्हणजे दोष त्या ३६ फुटांतच. तिथवर अक्कल माझी मीच चालवली.

आमचे नेहमीचे प्लंबरकाका दर वेळी येऊन स्प्रिंग मारायचे, आठशे रुपये घ्यायचे, पाणी खळखळून जायचं. चौथ्या वेळी मात्र त्यांनी पैसे घेण्याआधी पुढच्या चेंबरजवळ फतकल मारली आणि म्हणाले, "वहिनी, एक आरसा द्या. आणि मागं कुणालातरी बॅटरी धरून बसवा." मी ह्यांचा दाढीचा आरसा दिला. मागच्या चेंबरात ह्यांनी बॅटरी पाइपच्या तोंडाशी धरली, पुढे काकांनी आरसा पाइपसमोर तिरका केला आणि मला म्हणाले, बघा.

मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या पाइपात डोकावले. लांब काळोखाच्या टोकाला वाटाण्याएवढा उजेड. काका म्हणाले, पाइप सरळ आणि मोकळा असेल तर तो उजेड पूर्ण गोल दिसतो, पौर्णिमेसारखा. आमचा अष्टमीचा होता. अर्धा खालून खाल्लेला, आणि खाल्लेल्या कडेला केसांसारखं काहीतरी लोंबत होतं. "कुठंतरी पाइप बसलाय. पण कुठं, ते आरसा नाही सांगत," काका म्हणाले. जुनी युक्ती आणि तिची मर्यादा, दोन्ही त्यांनी एका वाक्यात सांगितली. फुकट. ते आठशे मी तरीही दिले.

मग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला. नाव लिहीत नाही. हातात टेप, खिशात दोन मोबाइल. मोबाइलला जोडायची एक बारीक वायर त्याच्याकडे होती, टोकाला शेंगदाण्याएवढा कॅमेरा. ती त्याने मागच्या चेंबरातून जेमतेम हात-दीड हात आत सारली. पाणी गढूळ, काही दिसेना. मग तो पाठ करून काहीतरी खुडबुडला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. "हा बघा काकू, तुमचा पाइप." स्क्रीनवर उभा चिरलेला पाइप, आत माती घुसलेली. माझ्या पोटात गोळाच आला.

"चिनी मातीच्या पाइपचं लाइफ तीस वर्षं. तुमची पस्तीस उलटली. हा आता बोनसवर चाललाय," तो म्हणाला. सगळे ३६ फूट उकरायचे, पीव्हीसी टाकायचा, दोन्ही चेंबर नवी. १,८५,००० रुपये, लादी आणि ओटा आमचा आम्ही बघायचा. आणि वर, "जूनला पाऊस लागला की हात लावता येणार नाही, मग चार महिने नाकाला रुमाल." सोसायटीचं खोल मॅनहोलही हवं तर साफ करून देतो म्हणाला, "पोरगा आत उतरेल." तिथं मात्र मी त्याला थांबवलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि कायदा नसता तरी माझ्या दारात मी कुणाचं पोर त्या भोकात जाऊ दिलं नसतं.

तरीपण त्या व्हिडिओनं ह्यांना गार केलं होतं. रात्री जेवताना म्हणाले, "एकदाचं करून टाकू. एफडी मोडू." सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, ऐकू कमी येतं, पण एफडी शब्द त्यांना बरोबर ऐकू येतो. "काय मोडताय?" म्हणाल्या. सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तो सांगतो तिथं फुटलाय हे त्याला कुणी सांगितलं?"

त्या प्रश्नावर मी फोन फिरवायला लागले. सेक्रेटरींकडे बोरिवलीच्या एका कॅमेरावाल्याचा नंबर होता. हा रिव्ह्यू त्यांच्याबद्दल.

फोनवर त्यांनी दर सांगायच्या आधी मलाच विचारलं. पाइप किती इंची, कशाचा, किती फूट, चेंबर किती, शेवटची सफाई कधी, वर झाड आहे का. मी विचारलं, खोदायचं काम तुमचंच का? "नाही ताई. आम्ही धुतो आणि बघतो. खोदत नाही, पाइप विकत नाही." मला तेवढंच हवं होतं. ज्याला माझी लादी फोडण्यात चार पैसे सुटणार नाहीत, त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला मी तयार होते. जेटिंगचे, म्हणजे पाण्याच्या जोरानं पाइप धुण्याचे, दोन हजार, कॅमेऱ्याचे साडेचार हजार, एकूण साडेसहा. ह्यांना ते जड वाटले. "नुसतं बघायचे साडेसहा हजार?" मी म्हटलं, सोनोग्राफीचे देतोच ना.

सकाळी दहाची वेळ दिली होती, आले साडेबाराला. मे महिन्यातली साडेबाराची वेळ, मोरी सकाळपासून कोरडी ठेवलेली, घरात कुणाची आंघोळ नाही. बरं, येतोय-येतोय असा एक फोन? नाही. पाऊण तारा तिथंच गेला.

पण आल्यावर त्यातला मोठा दादा घरात शिरायच्या आधी अंगणात उकिडवा बसला. पायरीशेजारी चार-सहा महिन्यांपासून भुसभुशीत मातीचा एक ढीग येत होता. मी तो झाडून टाकायचे, दोन दिवसांनी पुन्हा हजर. मांजर उकरतं असं मी धरून चालले होते. "घूस आहे," तो म्हणाला. "घूस सुक्या मातीत सहसा घर करत नाही. खाली तिला ओल मिळालीय, आणि बहुतेक पाइपला भोक." कॅमेरा अजून गाडीतच होता.

आधी जेटिंग. जाड नळीच्या टोकाला पितळी तोंड, पाण्याचा फवारा मागच्या बाजूला उडतो आणि नळी आपोआप पुढं सरकते. पुढच्या चेंबरात जे येऊन पडलं ते बघून मी मान खाली घातली. पांढऱ्या-करड्या रंगाची, साबणाच्या वडीसारखी खपली, तुकडेच्या तुकडे. ते माझंच तेल. वहिनी दारात उभ्या होत्याच.

मग कॅमेरा. लवचीक पण ताठ अशी पिवळी केबल, टोकाला दिव्यांचं कडं, पेटीतला स्क्रीन, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि आत गेलेलं अंतर मीटरमध्ये. त्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा असं दादानं मला आधीच सांगितलं. पहिला पाइप दिसला तेव्हा खरं सांगते, मला तो आवडला. तपकिरी, आतून काचेसारखी चकाकी, मिठाची झिलई म्हणतात तिला. बरणीच्या आतल्या बाजूसारखा. "हा कुजत नाही ताई," दादा म्हणाला. "भाजलेली माती आहे, गटारातल्या गॅसनं, आम्लानं तिला काही होत नाही. दुखतं ते सांध्यात." आणि दर ६० सेंटिमीटरला स्क्रीनवर एक कडं सरकून जायचं. दोन फुटांचा एक तुकडा, मग सिमेंटचा सांधा, मग पुढचा तुकडा. मी मोजत बसले. एक कडं, दुसरं कडं, तिसरं.

पाचव्या-सहाव्या कड्याला माझी ट्यूब पेटली. कॉन्ट्रॅक्टरच्या व्हिडिओत एकही कडं नव्हतं. पाइप लांबच लांब, बिनसांध्याचा, रंगानं राखी. तो माझा पाइप नव्हताच! कुणाच्या तरी घरचा चिरलेला पाइप मला माझा म्हणून दाखवला होता, आणि मी त्याच्यासाठी रात्रभर जागी होते. कोपऱ्यात तारीख नव्हती, अंतर नव्हतं, कुठून सुरू झाला ते नव्हतं. आता कुणी व्हिडिओ दाखवला तर मी आधी म्हणते, चेंबरच्या झाकणापासून सुरुवात दाखव, माझी मोरी दिसू दे.

तर आमच्या पाइपाचं असं निघालं. पहिले सव्वातीन मीटर तेलाची खपली धुऊन गेल्यावर स्वच्छ. एका सांध्याला केसाएवढी भेग, दादानं तिथं थांबून ती मोठी करून दाखवली आणि म्हणाला, "ही बघून घाबरायचं नाही. ह्यातून काही आत येत नाही, काही अडत नाही." पुढे पाच मीटरच्या आसपास कॅमेरा पाण्यात बुडाला, पाऊण मीटर तसाच पाण्यातून गेला आणि पुन्हा वर आला. तिथं हॉलखालची जमीन थोडी बसली आहे. चारकोपची पुष्कळशी जमीन खाडीकाठची, भरणीची. पाणी किती तर बोटभर. त्याहून पुढे परत झिलई, परत कडी, सगळं ठीक.

आणि ८.७ मीटरला ते आलं. सांधा सरकलेला, पुढचा तुकडा दोन बोटं खाली गेलेला, तळाला एक टवका निघून पडलेला, आणि वरच्या फटीतून मुळ्यांचा झुबका खाली सुटलेला. कॅमेऱ्याच्या उजेडात ओल्या केसांसारखा. आरशात लोंबत होतं ते हेच. कागद, भात, तेल, जे येईल ते त्या झुबक्यात अडकायचं. स्प्रिंगनं भोक पडायचं, झुबका तिथंच राहायचा, आणि दोन महिन्यांत पुन्हा 'तुं'.

८.७ मीटर म्हणजे साडेअठ्ठावीस फूट. कॅमेऱ्याच्या डोक्यातून एक सिग्नल निघतो आणि वर एक दांडा फिरवला की तो बरोबर जागेवर जोरात वाजतो. दादा दांडा घेऊन हॉलमधून निघाला, आम्ही सगळे मागे वरातीसारखे. उंबरा ओलांडला, पायरी उतरला, आणि तुळशीवृंदावनाच्या हातभर अलीकडे दांडा किंचाळायला लागला. घराच्या बाहेर! मला तिथंच बसून रडावंसं वाटलं, आनंदानं.

सासूबाई खुर्ची ओढून दारात बसल्या होत्या. त्यांनी काठीनं पायरीखालची भिंत दाखवली. "इथंच. गवंड्यानं भिंतीला भोक पाडून पाइप घातला आणि भोवती विटा गच्च चेपल्या. तुझे सासरे म्हणाले होते, जरा मोकळा सोड. ऐकलं नाही." दादा हात जोडून हसला. भिंत पायावर उभी, ती जागची हलत नाही. अंगणातली भर मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी खचते. पाइपचं एक टोक भिंतीत आवळलेलं, दुसरं खचत्या मातीत. मोडणार तिथंच. त्यात कुंपणाला कुणी न लावता उगवलेला औदुंबर. त्याच्या मुळ्यांना ओल कळली. झाड तोडायचा विषय मी काढलाच नाही. आमच्या घरी गुरुवार आहेत.

मी दादाला सरळ विचारलं, पाइप अख्खा बदलायचा की नाही?

त्यानं सरळ नाही म्हटलं नाही, हे मला आवडलं. म्हणाला, तुमचे १८ तुकडे आहेत, त्यातला एक मोडलाय आणि शेजारचा सरकलाय. सोळा ठणठणीत. ओळीनं चार-पाच तुकडे चेपलेले असते, किंवा सगळ्याच सांध्यांतून मुळ्या आल्या असत्या, किंवा ढाळच उलटा पडला असता, तर बदला म्हणालो असतो. चार इंची पाइपला चाळीसाला एक ढाळ लागतो. तुमच्या ३६ फुटांना जवळजवळ ११ इंच. त्यानं दोन्ही चेंबरात टेप आणि पाण्याची नळी लावून मोजलं, साडेदहा भरला. हॉलखालचा बोटभर पाण्याचा खड्डा? "तो राहणार. त्यात गाळ बसेल. वर्षातून एकदा धुवा, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा कॅमेरा लावून तो वाढतोय का बघा. वाढत असेल तर तेव्हा हॉलची लादी काढा. आज नाही." पाइपच्या आत रेझिनचं अस्तर चढवायची पद्धतही त्यानं सांगितली आणि लगेच म्हणाला, तुम्हाला उपयोगाची नाही. अस्तर खड्ड्यात खड्ड्यासारखंच बसतं, आणि सांधा एवढा सरकलेला असताना आधी तो जागेवर आणावाच लागतो.

म्हणजे पूर्ण निर्धोक असं काही त्यानं माझ्या पदरात टाकलं नाही. खड्डा आहे तो आहे. ह्यांना ते खुपलं, "पैसे देऊनही अर्धवट." मला नाही खुपलं.

दुरुस्ती आमच्या प्लंबरकाकांनी एका गवंड्याला घेऊन केली, दोन दिवसांत. पायरीला लागून पाच फूट लांब, अडीच फूट खोल खड्डा. घुशीचं बीळ थेट त्या भोकाशी भिडलेलं निघालं. पाइप काढला तेव्हा आतून मुळ्यांचा जो गुंता आला तो काकांनी काठीवर उचलून धरला, चांगला हातभर लांब, काळपट, विंचरल्यासारखा. सासूबाई म्हणाल्या, "हे तर माझं गंगावन." दोन तुकडे काढले, जागी जाड पीव्हीसी घातला. चिनी मातीचा पाइप बाहेरून जाड असतो, पीव्हीसी बारीक, त्यामुळे नुसतं सिमेंट थापून सांधा टिकत नाही. दोन्हीकडे स्टीलच्या पट्ट्यांची रबरी कपलिंगं बसवली. मालाडला मिळाली, त्यासाठी काकांना दोन चकरा पडल्या. भिंतीतल्या विटा सोडवून पाइपभोवती दोन बोटं जागा ठेवली, सासऱ्यांनी सांगितली होती तशी. खाली खडी-वाळूचा थर, मग भराई.

बुजवण्याआधी काकांनी पुढच्या चेंबरातलं तोंड रबरी बूच लावून बंद केलं, मागचं चेंबर पाण्यानं भरलं आणि पाण्याच्या रेषेवर खडूनं खूण केली. अर्ध्या तासानं बघितलं तर जेमतेम एक सूत उतरलं होतं. पस्तीस वर्षांच्या सांध्यांना एवढं माफ, काका म्हणाले. दुरुस्तीचा सगळा खर्च १७,४००. कॅमेरा धरून २३,९००. एफडी शाबूत आहे.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल कॅमेरा लावला की पैसे वाचतातच. आमचं बघून कोपऱ्यावरच्या घरानं हीच माणसं बोलावली. त्यांनी मागे वरचा मजला चढवला होता, आणि नव्या खांबाचा पाया बरोब्बर पाइपवर बसला होता. ओळीनं पाच तुकडे चिरडलेले, कॅमेरा सहाव्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांना पाइप पूर्ण बदलावा लागला, वाट वळवून. बारा दिवस स्वयंपाकघर उकरलेलं, त्यांचा स्वयंपाक आमच्याकडे. त्यांच्या काकी अजून म्हणतात, साडेसहा हजार उगीच घातले, बदलायचाच होता तर. मला तसं वाटत नाही. खांबाखाली पाइप आहे हे न कळता कुणी ब्रेकर लावला असता तर काय झालं असतं देव जाणे. पण पैसे त्यांचे, मत त्यांचं.

तक्रारी आता. उशीर सांगितलाच. जेटिंगच्या वेळी मोरीच्या भिंतीवर छातीभर उंचीपर्यंत शिंतोडे उडाले, ते मीच घासले. कॅमेऱ्याचं डोकं पुसायला धाकट्यानं दारातलं पायपुसणं उचललं, न विचारता, ते मी फेकून दिलं. रिपोर्ट दोन पानांचा, सगळा इंग्रजीत, त्यात असे शब्द की आमच्या भाचीनंही हात टेकले, आणि ती इंजिनिअर आहे. मी फोन केला तर दादानं व्हॉट्सॲपवर सात मिनिटांचा मराठीत आवाज पाठवला, तो मात्र रिपोर्टपेक्षा शंभर पटींनी चांगला. व्हिडिओ पेनड्राइव्हवर दिला, पहिल्या झाकणापासून शेवटपर्यंत, ३८ मिनिटं. तो मी जपून ठेवलाय. काकांना खणायची जागा त्यातूनच कळली.

पावसाळा पुरता जाऊ दिला आणि मगच हे लिहायला बसले. जुलैत दोनदा मोठ्या भरतीला मुसळधार पाऊस एकत्र आला तेव्हा पुढचं चेंबर वर आलं होतं. जीव धसकला. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, ह्याच नहाणीतून पाणी वर येऊन घरात घोट्यापर्यंत झालं होतं. सासूबाईंनी तेव्हा धान्याचे डबे माळ्यावर चढवले ते अजून खाली आणलेले नाहीत. पण हे दादानं मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं, बाहेरची लाइन भरली की पुढचं चेंबर चढेल, ओहोटी लागली की उतरेल, आणि त्यावर घरात नवा पाइप टाकून काही होणार नाही. तसंच झालं. दोन्ही वेळा दोन-तीन तासांत उतरलं. मोरीत थेंब आला नाही. मेपासून कालनिर्णयवर नुसत्या दुधाच्या फुल्या आहेत.

आणि तेल. कढई आता मी आधी वर्तमानपत्रानं पुसते, मग घासते. उरलेलं तेल डब्यात साठवते, एक जण नेतो. पूर्वी वरून उकळतं पाणी ओतायचे, वाटायचं गेलं. ते फक्त सिंकखालून जायचं आणि पुढं पाइपात जाऊन थिजायचं, त्याची खपली मी चेंबरात बघितलीय. वहिनींना हे सगळं सांगितलं. "म्हणजे तेल होतंच," म्हणाल्या. होतं.

परवा काकांना चहाला बोलावून पुन्हा आरसा लावला. द्वादशीचा दिसला. हॉलखालच्या पाण्यामुळे तळाशी जरा चपटा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत एकदा धुऊन घ्यायचं म्हणून बोरिवलीला फोन केला. पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला येतो म्हणालाय. म्हणजे चकलीचं पीठ मी दुपारी अडीचनंतरच भिजवणार आहे, आणि पायपुसणं आत ठेवणार आहे.